काजळीचे टाके

औषध आधी मालकानं चाखायचं, मग बैलाला पाजायचं, असा आमच्या साहेबांचा नियम होता. पोट फुगलेला बैल ओढत माणूस धापा टाकत दवाखान्यात यायचा. साहेब हिंग, सुंठ, ओवा आणि काळं मीठ कोमट पाण्यात कालवायचे, पितळी वाटीत घोटभर काढून त्या माणसाच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "पी."

तो गांगरायचा. "मला कावून, साहेब? दुखनं बैलाला हाय."

"लई तिखट झालं का, ते बैल सांगत न्हाई. तू सांग."

त्यानं तोंड वाकडं करून घोट गिळला की मगच बांबूचा नळा बैलाच्या जबड्यात जायचा. गावोगावची माणसं या वाटीला भ्यायची. काही जण बैल दवाखान्याच्या दारात बांधून कडुनिंबाआड जाऊन बसत. साहेब त्यांना हुडकून आणत.

गेवराईच्या ढोरांच्या दवाखान्यात त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षं कंपाउंडर होतो. निजाम सरकारचे दिवस. कागदपत्र सगळे उर्दूत, महिन्यांची नावंसुद्धा खुर्दाद नि अमर्दाद. मी धनगराचा. बाप-चुलते मेंढरं घेऊन गोदाकाठानं फिरायचे. मला उर्दू लिहिता येत होतं, एवढ्यावर ही नोकरी मिळाली. साहेब मूळचे नगरकडचे, मुंबईला ढोरांची डॉक्टरी शिकून आलेले. लोक त्यांना सलोतरी म्हणत. आमच्याकडं ढोरांच्या डॉक्टराला हाच शब्द. मी त्यांना साहेब म्हणायचो.

ते बैलांशी मराठीत बोलत, घोड्यांशी उर्दूत. इंग्रजी फक्त स्वतःशी, तेही रागात. दवाखान्यात जो आधी येईल त्याचा नंबर आधी. एकदा तहसीलदारांचा घोडा आला तेव्हा एका कुंभाराच्या गाढवाचा खूर तासणं चाललं होतं. घोड्याबरोबर आलेला शिपाई चढ्या आवाजात ओरडायला लागला. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "गधा पहले आया है." घोडा तासभर उन्हात उभा राहिला. त्या वर्षी आमच्या दवाखान्याला चुना लागला नाही, कौलंही बदलली नाहीत.

घरात ते एकटेच. बायको प्लेगात गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. दुसरं लग्न केलं नाही. मुलीला वेणी घालायला, वाचायला, भाकरी थापायला त्यांनीच शिकवलं. ती गोदाताई. मी नोकरीला लागलो तेव्हा तिचं लग्न होऊन तिला पहिली मुलगीही झाली होती. तलवाड्याला एका मोठ्या जमीनदार घरात दिली होती.

ते घर कसं निवडलं हे साहेब सगळ्यांना सांगायचे. स्थळं तीन आली होती. साहेब तिन्ही ठिकाणी गेले, पण घरात न जाता आधी गोठ्यात गेले. तलवाड्याच्या गोठ्यात सोळा बैल होते आणि एकाच्याही खांद्याला जखम नव्हती. शिंगांना तेल, खाली कोरडं गवत, गव्हाणी घासलेल्या. "मी तिथंच ठरवलं," ते सांगायचे. "जे घर बैलाच्या खांद्याची एवढी काळजी घेतं, ते पोरीला काय कमी करंल?"

सुरुवातीला हे ते अभिमानानं सांगत. पुढं पुढं नुसतं सांगत.

गोदाताईला दुसरी मुलगी झाली त्या सुमारास माझ्या चुलत्याच्या मेंढवाड्यातलं कुत्रीचं एक पिल्लू मी साहेबांना आणून दिलं. घरात कुणीतरी हलतं-बोलतं असावं, एवढाच विचार. तांबूस रंगाची कुत्री, डोळ्यांभोवती काळी रेघ. माहेरी आलेल्या गोदाताईनं तिला काजळी म्हणून हाक मारली आणि तेच नाव पडलं. साहेब तिला "बाई" म्हणत. "बाई, सरका." "बाई, आज जेवन नको व्हय?"

काजळी वर्षातून दोनदा व्यायची. पिल्लं आमचे धनगर घेऊन जात, मेंढरांच्या राखणीला ती चांगली निघत. चौथ्या वर्षी दसऱ्यानंतर ती अडली. पहिलं पिल्लू आडवं आलं होतं. साहेब सकाळपासून दुपारपर्यंत तिच्यामागं गुडघ्यांवर बसून होते. बोटांना एरंडेल लावून, कळ येईल तसं ओढत, कळ थांबली की थांबत. शेवटी तीन पिल्लं निघाली, तिन्ही मेलेली. काजळीनं एकेक हुंगलं, चाटलं आणि मान टाकली. पंधरा दिवस तिला ताप होता.

ती उठून चालायला लागली त्या दिवशी साहेब म्हणाले, "पुढच्या येळी ही जगनार न्हाई. हिची पिशवी काढायची."

मला कळेना. "कुत्रीला कुनी कापतं का, साहेब?"

"गोऱ्ह्याचा बैल कराय त्याला ठेचता तवा इचारता का असं?"

"गोऱ्हा कामाला येतो."

"आन् ही मराय येती व्हय?"

मुंबईला शिकताना त्यांनी हे काम दोनदा पाहिलं होतं. स्वतःच्या हातानं कधीच केलं नव्हतं. तालुक्यात कुणी ऐकलंही नव्हतं. त्यांनी घाई केली नाही. दूध पूर्ण आटू दिलं, ताप जाऊन अंगावर मांस येऊ दिलं. ती माजावर नाही याची खात्री करून घेतली. "माजावर असली की रक्त लई जातं," ते म्हणाले. पळसाच्या बिया कुटून गुळात घालून तिला जंतांसाठी दिल्या. आम्ही दोघांनी बसून तिच्या कानांतल्या, बोटांच्या बेचक्यांतल्या गोचिड्या वेचल्या. खाटकाकडून काळीज आणून, उकडून, भाकरीत चुरून घातलं. दोन दिवस आधी कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली आणि स्वच्छ गोणपाटावर आतल्या खोलीत ठेवलं. बाहेर धुळीत लोळू दिलं नाही.

आदल्या संध्याकाळपासून तिचं अन्न बंद केलं. ती रिकाम्या थाळीपुढं बसून आमच्या तोंडाकडं बघत राहिली. साहेबही जेवले नाहीत. मी म्हणालो, तुम्ही तरी दोन घास खा. ते म्हणाले, "कावून उपाशी ठेवलंय हे तिला सांगता येत न्हाई. तिच्यासमोर मी जेवू कसा?"

पोटावरचे केस काढायला वस्तरा हवा होता. गावच्या न्हाव्यानं हात जोडले. "साहेब, ह्याच वस्तऱ्यानं मी पाटलाची दाढी करतो." तेव्हा साहेबांनी स्वतःचा वस्तरा आणला.

सकाळी आतल्या खोलीचं दार बिजागऱ्यांवरून उतरवून दोन पेट्यांवर आडवं ठेवलं. त्यावर उकळून वाळवलेलं धोतर अंथरलं. चिमटे, कात्र्या, सुया, रेशमाचा दोरा, सगळं तांब्याच्या पातेल्यात उकळत होतं. काजळीला आधी बाहेर फिरवून आणलं. मग तिला पाठीवर निजवून चारी पाय मऊ पट्ट्यांनी बांधले. क्लोरोफॉर्म द्यायचं काम माझ्याकडं होतं. कापडाचा द्रोण तिच्या नाकावर धरून थेंब-थेंब टाकायचा.

"श्वास मोज," साहेब म्हणाले. "मोठ्यानं मोज. तुझा आवाज थांबला की मी थांबनार."

मी मोजत राहिलो. त्यांनी बेंबीच्या खाली चार बोटं चीर दिली. आतून जे निघालं ते दोन बारीक शिंगांसारखं होतं, टोकांना हरभऱ्याएवढ्या गाठी. एकेक शीर रेशमानं दोनदा बांधून मग कापत होते. मध्येच माझा आकडा अडला. छाती हलत नव्हती. साहेबांनी हातातलं सोडलं, तिची जीभ चिमट्यानं बाहेर ओढली आणि बरगड्या दाबायला लागले. दाब, सोड. दाब, सोड. "बाई," ते म्हणत होते, "बाई, असं करू नगा." किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तिनं एक उचकीसारखा श्वास घेतला. मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो. माझा आवाज फाटला होता.

त्यांनी आतून एक थर शिवला, वरून दुसरा. वरचे टाके नऊ होते.

शुद्धीवर येताना ती थरथरत होती. विटा गरम करून, फडक्यात गुंडाळून आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. त्या दिवशी फक्त ओठ ओले होतील एवढं पाणी. दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज. उडी मारू द्यायची नाही, पायरी चढू द्यायची नाही. बाहेर सोडायचं ते पोटाखाली पंचा धरून, चार पावलं. पण टाके चाटायची तिची ओढ काही थांबेना. साहेबांनी बैलाचं जुनं मुसकं कापून तिच्या तोंडाला बांधलं. ती दिवसभर भिंतीवर तोंड घासत राहिली.

तिसऱ्या दिवशी संक्रांतीसाठी गोदाताई आली. कडेवर चौथी मुलगी होती, आठ महिन्यांची. थोरल्या तिघींना सासूनं पाठवलं नव्हतं. गोदाताईचं वय तेव्हा बावीसच्या आसपास असेल. गालाची हाडं वर आली होती, नखं पांढरी होती. साहेबांनी नेहमीप्रमाणं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. जनावराची पाहत तशीच. हात बराच वेळ तिच्या गालावर राहिला.

तिनं काजळीकडं पाहिलं. "बाबा, मुसकं कावून बांधलंय? पानी कसं पिनार ती?"

मग तिनं एक जुनी बांबूची टोपली घेतली, विळ्यानं तिचं बूड काढलं, कडेला चिंध्या गुंडाळल्या आणि ती काजळीच्या डोक्यातून घालून गळ्याशी नाडीनं बांधली. काजळीला आता पाणी पिता येत होतं, टाक्यांपर्यंत मात्र तोंड पोचत नव्हतं. साहेब बघतच राहिले. "मुंबईला हे कुनी शिकवलं न्हाई," ते म्हणाले. गोदाताई हसली. तिला हसताना मी पाहिलं ते बहुतेक शेवटचंच.

गावात मात्र चर्चा सुरू झाली होती. गोऱ्हे ठेचले की कुणी पाप म्हणत नाही. पण कुत्रीची कूस काढली, हे ऐकून बायका दवाखान्यावरून जाताना पदर तोंडाला लावायच्या. एका म्हातारीनं दारात उभं राहून सुनावलं, "मुकं जनावर बोलत न्हाई, पर तिचा तळतळाट लागतो." साहेब तिला म्हणाले, "आई, तिला तळतळाट कसा देतात ते म्हाईत न्हाई. तिला फकस्त भूक म्हाईत हाय." म्हातारी थुंकून गेली.

चौथ्या दिवशी एका टाक्याखाली पू झाला. मीठ घातलेल्या गरम पाण्यानं शेकायचं, लाल औषधानं धुवायचं, असं दिवसातून तीन वेळा चाललं. गोदाताई काजळीचं डोकं मांडीवर धरून बसे, मी शेकत असे. एकदा साहेब बाहेर कुणाची म्हैस बघत असताना ती म्हणाली, "दादा, हिला आता कधीच पिल्लं व्हनार न्हाईत?"

"न्हाई."

"तिला कळतंय का?"

"काय म्हाईत, ताई."

ती टोपलीच्या कडेतून बोटं घालून काजळीचे कान खाजवत राहिली. मग हळू म्हणाली, "हैदराबादला मान्सांच्या बायांचं करत्यात का असं?"

मी परका पुरुष. मला शरम वाटली. मी औषधाची बाटली हलवत बसलो, जणू ती हलवायलाच हवी होती.

"सहज इचारलं," ती म्हणाली.

दहाव्या दिवशी साहेबांनी टाके काढले. जखम रेघेसारखी मिटली होती. त्याच दिवशी जावई गोदाताईला न्यायला आले. मी त्यांच्याबद्दल वाईट बोलू शकत नाही. खाली मान घालून बोलणारा, बैलांना स्वतः चारा टाकणारा माणूस. साहेबांनी त्यांना कडुनिंबाखाली बाजेवर बसवलं आणि सरळ विषय काढला.

"पोरीच्या अंगात रक्त न्हाई. आता लगेच दिवस गेले तर ती जानार. दोन वर्सं हितं ठेवा. पोरींनाबी पाठवा. मी सांभाळतो."

जावई बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. "मामा, आई रोज म्हनती, दुसरी कर. मी रोज न्हाई म्हनतो. एक पोरगा झाला की आईचं तोंड बंद व्हईल. मंग मी सोता सांगतो, बास."

"आन् पोरगा व्हईस्तोवर?"

जावई रडकुंडीला आले होते. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मग. दोन वर्सं ऱ्हाऊ द्या. मी बघतो आईचं."

साहेबांचा चेहरा उजळला. पण आतून गोदाताई गाठोडं घेऊन बाहेर आली, पायांत वहाणा घालून. तिनं सगळं ऐकलं होतं.

"बाबा, मी जाते."

"अगं, ते न्हाई म्हनत न्हाईत. ऱ्हा."

"दोन वर्सांनी जाईन तवा चुलीफुडं दुसरी बसलेली असंल. माझ्या चार पोरी तिच्या हाताखाली. मला म्हाईत हाय ते घर. तुमी फकस्त गोठा पायलाय."

साहेबांनी एकदम डोळे मिटले. ती त्यांच्या पाया पडली, काजळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि गाडीत बसली. बैल देखणे होते. खांद्याला एक ओरखडा नव्हता.

पुढच्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत, सकाळीच, तलवाड्याहून घोड्यावर माणूस आला. गोदाताई दोन दिवसांपासून अडली होती. जावयांनी आईला न विचारता माणूस पाठवला होता. साहेबांनी पेटी उचलली. मी दुसरी घेतली. शेजारच्या पटवाऱ्याच्या टांग्यातून आम्ही निघालो. वाटेत ते एकच वाक्य बोलले. "आडवं असंल तर फिरवता येतं. मी शंभर फिरवलेत."

दुपारी पोचलो. वाड्याच्या ओसरीवर सासू उभी होती. तिनं आमच्या हातातल्या पेट्या पाहिल्या.

"ह्यो ढोराचा डाक्टर माझ्या सुनंला हात लावनार?"

"मी बाप हाय तिचा," साहेब म्हणाले.

"म्हनूनच म्हनते. बापानं बघायची जागा हाय का ती? लाज कशी न्हाई?"

जावई "आई, आई" म्हणत होते. तिनं खोलीच्या दारात पाट टाकला आणि त्यावर बसली. साहेब अंगणात उभे राहिले आणि तिथूनच आतल्या सुईणीला ओरडून सांगायला लागले. "हात धू. उकळलेल्या पान्यानं धू. नखं काढ. डोकं लागतं का पाय?" आतून सुईण ओरडायची, "हात लागतोय वो!" "ओढू नको! हात ओढू नको! आत सरकव!" वेचणीला आलेल्या बाया, गडी, सगळे अंगणात जमले होते. एका बापाला आपल्या मुलीचं बाळंतपण भिंतीपलीकडून ओरडून सांगताना ते ऐकत होते. गोदाताईचा आवाज येत नव्हता. मला त्याचीच भीती वाटत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा सुईण बाहेर आली. हात कोपरापर्यंत लाल होते. ती सासूला म्हणाली, "माझ्यानं व्हत न्हाई, बाई. ह्यांना जाऊ द्या, न्हाईतर माझ्यावर आळ नगं." सासू उठली. तिनं पाट उचलून भिंतीला लावला आणि साहेबांकडं न बघता म्हणाली, "जा."

आत काय झालं ते मी दाराबाहेरून ऐकलं. साहेबांचा आवाज शांत होता, दवाखान्यात असायचा तसाच. "गोदे, आता जोर लावू नको. आता लाव. बास." बराच वेळ. मग काहीच नाही. मूल रडल्याचा आवाज आला नाही.

मग गोदाताईचा आवाज आला, अगदी बारीक. "काय झालं, बाबा?"

तोवर साहेब कुणाशी खोटं बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. मरणाऱ्या म्हशीच्या मालकालाही ते तोंडावर सांगत.

"पोरगा हाय," ते म्हणाले. "झोपलाय."

"दावा ना."

"दावतो. थोडं पुसून घेऊ दे."

पोरगाच होता, पण कधीचाच मेलेला. रक्त थांबत नव्हतं. साहेबांनी पेटीतलं सगळं करून पाहिलं. दिवस मावळायच्या आत गोदाताई गेली. ओसरीवर सासूनं "पोरगा व्हता, माझा पोरगा व्हता" म्हणून कपाळ बडवून घेतलं. जावई गोठ्यात जाऊन बसले होते, त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली.

तळतळाटाची गोष्ट आमच्या आधी गेवराईला पोचली. सलोतऱ्यानं कुत्रीची कूस काढली, तीच त्याच्या लेकीला भोवली. बाजारात, पाणवठ्यावर, सगळीकडं हेच. तलवाड्याच्या सासूनंही तेच धरलं. वर्षाच्या आत तिनं मुलाचं दुसरं लग्न लावलं.

काजळी धडधाकट होती. अंगानं भरली होती, केसांना चमक आली होती. साहेब परत आले की ती पूर्वीसारखी धावत यायची आणि ते बाजूला व्हायचे. तिला खाऊ-पिऊ घालत, पण हात लावत नसत. "बाई" म्हणणं बंद झालं. ती त्यांच्या उंबऱ्याबाहेर निजायची. सकाळी ते तिला ओलांडून जायचे. हळूहळू ती माझ्या मागं यायला लागली. त्यानंतर दोघं-तिघं आपापल्या कुत्र्या घेऊन आले, कुणाची कुत्री अडली होती, कुणाला पिल्लांचा वैताग झाला होता. साहेबांनी एकाही कुत्रीला हात लावला नाही.

एका दुपारी दवाखान्यात कुणी नव्हतं. मी बाटल्या धूत होतो. साहेब खुर्चीत बसून दाराबाहेर निजलेल्या काजळीकडं बघत होते. अचानक म्हणाले, "तुला काय वाटतं? लागला असंल का?"

काय, ते मी विचारलं नाही. मला समजलं होतं.

मी "न्हाई" म्हणालो. पण लगेच म्हणालो नाही. मी धनगराचा पोर, लहानपणापासून असल्याच गोष्टी ऐकत आलेला. माझी जीभ एक क्षण अडखळली, आणि साहेबांनी तो क्षण पाहिला. ज्या माणसानं सबंध तालुक्याला भाकडकथा सोडून विचार करायला शिकवलं, त्यानं जन्मात एकदाच मला आधार मागितला आणि मी एक श्वास उशीर केला. ते मान हलवून उठले आणि आत गेले. तो उशीर मला अजून भरून काढता आलेला नाही.

काजळी पुढं पाच वर्षं जगली. एका उन्हाळ्यात कडुनिंबाखाली निजली ती उठली नाही. मी तिला नदीकडं नेऊन पुरलं. साहेब आले नाहीत.

त्याच उन्हाळ्यात जावई अक्षता घेऊन आले. गोदाताईच्या थोरलीचं लग्न ठरलं होतं. मुलीला बारावं लागलं होतं. साहेबांनी विचारलं, "किती?" जावयांनी पुन्हा सांगितलं. "बारा." खाली मान घालून. साहेब म्हणाले, "यीन."

आम्ही दोघं गेलो. मांडव मोठा होता. आहेराची वेळ आली तेव्हा लोक लुगडी, भांडी, खण घेऊन पुढं जात होते. साहेबांनी पिशवीतून तांबड्या साबणाच्या सहा वड्या काढल्या, औषधाच्या वासाच्या, दवाखान्यात मागवलेल्या, आणि नखं कापायची एक छोटी कात्री. मुंडावळ्या बांधलेल्या नातीपुढं बसून ते तिला समजावू लागले. "हे जपून ठेव, पोरी. सासरी ने. तुझी येळ यील तवा सुईणीला आधी नखं काढाय लाव. मग उकळलेल्या पान्यात ह्यानं हात धुवाय लाव. कोपरापर्यंत. तू सोता सांग. सांगशील ना?"

मुलगी लाजून खाली बघत होती. आजूबाजूच्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलंय." मुलीनं साबण नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "शी, कसला वास!" मग तिनं वड्या धाकट्या बहिणींकडं देऊन टाकल्या.

जेवणं आटोपल्यावर आम्ही हात धुवायला मांडवामागं गेलो. तिथं गोदाताईच्या धाकट्या तिघी आणि शेजारच्या पोरी पाण्याच्या घंगाळाभोवती जमल्या होत्या. त्यांनी साबणाचा फेस केला होता. एरंडाच्या पोकळ देठातून फुंकून फुगे उडवत होत्या. कोपरापर्यंत हात फेसानं भरले होते.

मी वड्या काढून घ्यायला पुढं झालो. साहेबांनी माझा दंड धरला.

"असू दे," ते म्हणाले. "हात तरी धुतले जातायत."

आम्ही तिथं उभे राहिलो. दिवस मावळायच्या आत साबण संपला.